टक्क्यांवर टक्के : सूट, वाढ आणि घट यांचा खरा हिशेब



शेतीच्या व्यवहारात टक्केवारीशी गाठ पडत नाही असा महिना जात नाही. खते-औषधांच्या दुकानातील सूट, ठिबक संचाच्या कोटेशनवरील कर, शासनाचे अनुदान, बँकेचे व्याज, बाजारभावातील चढउतार आणि चाळीत साठविलेल्या मालातील घट हे सारे शेकड्याच्या भाषेतच सांगितले जाते. यातील एखादी टक्केवारी काढणे बहुतेकांना सहज जमते. अडचण येते ती एकामागून एक दोन-तीन टक्केवाऱ्या आल्या म्हणजे. अशा वेळी आपण त्यांची सरळ बेरीज किंवा वजाबाकी करून मोकळे होतो. त्यामुळे पडणारा फरक कागदावर दोन-चार टक्क्यांचाच दिसतो. परंतु शेतमालाच्या विक्रीत हाती राहणारा नफा पुष्कळदा तेवढाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा हिशेब किती महत्त्वाचा आहे ते कळून येईल.

दोन सुटी म्हणजे त्यांची बेरीज नव्हे

समजा, एका ठिबक संचाची यादीतील किंमत १,००,००० रुपये आहे. पहिला विक्रेता म्हणतो, "२० टक्के सूट देतो, रोख दिलेत तर आणखी १० टक्के." दुसरा म्हणतो, "माझ्याकडे एकच २९ टक्के सूट." ऐकताना पहिल्याची सूट ३० टक्के वाटते आणि आपण त्याच्याकडे वळतो. प्रत्यक्षात २० टक्के सूट वजा जाता ८०,००० रुपये उरतात. पुढची १० टक्के सूट या ८०,००० वर मिळते, म्हणजे ८,००० रुपये. त्यामुळे संच ७२,००० रुपयांना पडतो. दुसऱ्याकडे तोच संच ७१,००० रुपयांना मिळतो. पहिल्याची खरी सूट २८ टक्केच आहे.

हिशेबाची रीत सोपी आहे. प्रत्येक सुटीसाठी शंभरातून सूट वजा करून उरलेला आकडा घ्यावा. २० टक्क्यांसाठी ८० आणि १० टक्क्यांसाठी ९०. त्यांचा गुणाकार करून शंभराने भागावे : ८० × ९० ÷ १०० = ७२. म्हणजे शंभरातील ७२ रुपये द्यावे लागतात. तिसरी सूट असेल तर आलेल्या उत्तराला तिच्या उरलेल्या आकड्याने गुणून पुन्हा शंभराने भागावे. वाढ असेल तेथे शंभरात मिळवून आकडा घ्यावा. ८ टक्के वाढीसाठी १०८. दोनच सुटी असतील तर तोंडी हिशेबही होतो. दोन्हींची बेरीज करावी व त्यातून त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा करावा. २० आणि १० यांची बेरीज ३०, गुणाकार २००, त्याचा शंभरावा भाग २, म्हणून २८.

कोणती सूट आधी आणि कोणती नंतर याने काही फरक पडत नाही, कारण ८० ला ९० ने गुणले काय किंवा ९० ला ८० ने गुणले काय, उत्तर एकच. मात्र एक सूट टक्क्यांत आणि दुसरी ठोक रुपयांत असेल तर क्रमाला महत्त्व येते. १०,००० रुपयांच्या फवारणी पंपावर ५०० रुपये आधी वजा करून नंतर २० टक्के सूट घेतली तर पंप ७,६०० रुपयांना पडतो. आधी २० टक्के आणि मग ५०० रुपये वजा केले तर तो ७,५०० रुपयांना पडेल. म्हणून अशा वेळी टक्क्यांची सूट आधी मागून घ्यावी.

बिलावर सूट दाखविलेली असेल तर वस्तू व सेवा कर सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो. वरील ७२,००० रुपयांवर ५ टक्के कराने ७५,६०० रुपये होतात. कर पूर्ण १,००,००० रुपयांवर धरला असेल तर हीच रक्कम ७७,००० रुपये होते. १,४०० रुपयांचा हा फरक बिल हातात घेतल्याशिवाय दिसत नाही. बरेच जण फक्त शेवटचा आकडा बघतात.

'दहा घ्या, एक मोफत' ही सूटही १० टक्के नसते. दहाच्या पैशांत अकरा मिळतात, म्हणजे अकरातील एक, ९.०९ टक्के. 'त्याच किमतीत २० टक्के जादा माल' यातली खरी बचत १६.६७ टक्के असते.

कर ७ टक्क्यांनी उतरला, किंमत किती उतरली?

शेतीचे ट्रॅक्टर तसेच ठिबक व तुषार सिंचन संच यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा ट्रॅक्टर ७ टक्के स्वस्त झाला असे सर्रास बोलले गेले. ७,००,००० रुपये मूळ किमतीचा ट्रॅक्टर घ्या. आधी तो करासह ७,८४,००० रुपयांना पडत होता, नंतर ७,३५,००० रुपयांना. बचत ४९,००० रुपयांची आहे. परंतु आपण पूर्वी मोजत होतो ते ७,८४,००० रुपये, आणि त्यांच्या मानाने ही बचत ६.२५ टक्के होते. ७ टक्के हा आकडा मूळ किमतीवरचा आहे.

कांदा निर्यात शुल्काचेही असेच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढून टाकण्यात आले. पहिल्या बदलाने शुल्क निम्मे झाले. पण १०० रुपयांचा जो माल शुल्कासह १४० रुपयांना जात होता तो १२० रुपयांना जाऊ लागला, म्हणजे उतार १४.३ टक्क्यांचा. दुसऱ्या बदलाने १२० चे १०० झाले, म्हणजे उतार १६.७ टक्क्यांचा. दोन्ही वेळा शुल्क २० टक्क्यांनीच कमी झाले, तरी परिणाम सारखा नाही. वर्तमानपत्रातील टक्क्यांवरून आपल्या मालाच्या भावाचा अंदाज बांधताना हे ध्यानात असावे.

बेरीज केव्हा चालते?

सर्व टक्केवाऱ्या एकाच रकमेवर काढलेल्या असतील तर त्यांची बेरीज करणेच बरोबर असते. ठिबक सिंचनाचे अनुदान हे याचे चांगले उदाहरण आहे. अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक २५ टक्के अनुदान मिळून ८० टक्के होते. इतर शेतकऱ्यांना ४५ आणि ३० मिळून ७५ टक्के. दोन्ही भाग एकाच मंजूर मापदंडावर काढले जातात, म्हणून ही बेरीज योग्य आहे.

परंतु हे ८० टक्के मापदंडाचे असतात, बिलाचे नव्हेत. समजा, बिल ७५,६०० रुपये झाले आणि मापदंडानुसार मान्य खर्च ६५,००० रुपये निघाला. अनुदान ५२,००० रुपये मिळेल व पदरचे २३,६०० रुपये घालावे लागतील. बिलाच्या मानाने हा आपला वाटा ३१ टक्के होतो. २० टक्केच भरावे लागतील असे गृहीत धरून पैशांची तजवीज केलेल्या शेतकऱ्याची येथे ओढाताण होते.

बाजार समितीतील हिशेबपट्टीवर ज्या कपाती शेकड्याने असतात त्याही मालाच्या एकूण रकमेवरच काढलेल्या असतात. त्यांची बेरीज करावी. हमाली, तोलाई नगावर किंवा वजनावर रुपयांत असते, ती वेगळी धरावी. फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्यात जुलै २०१६ मध्ये झाला आहे. आपल्या पट्टीवर ती दिसत असेल तर खुलासा मागावा.

पीक कर्जाच्या व्याजातही सरळ वजाबाकी चालते. सवलतीच्या अल्पमुदत पीक कर्जाचा व्याजदर ७ टक्के आणि वेळेवर परतफेड केल्यास केंद्राची सवलत ३ टक्के, म्हणून ४ टक्के. दोन्ही त्याच मुद्दलावर आहेत.

रोखीची सूट हेच उधारीचे व्याज

'आम्ही दुकानातून उधारीवर माल आणतो, व्याज काही लागत नाही' असे अनेक शेतकरी सांगतात. पावतीवर व्याज लिहिलेले नसते हे खरे. पण त्याच दुकानात रोखीने १० टक्के सूट मिळत असेल तर २०,००० रुपयांच्या मालाची रोखीची किंमत १८,००० रुपये आहे. सहा महिन्यांनी पीक विकून २०,००० रुपये दिले म्हणजे १८,००० रुपयांवर २,००० रुपये व्याज दिले. हे व्याज १० टक्के नसून ११.१ टक्के झाले, आणि तेही अर्ध्या वर्षाचे. रब्बीतही हाच व्यवहार केला तर वर्षाचा दर १.१११ × १.१११, म्हणजे सुमारे २३.५ टक्के पडतो. त्याच १८,००० रुपयांचे पीक कर्ज घेतले असते तर ७ टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज ६३० रुपये झाले असते. थकबाकीमुळे बँकेचे दार बंद झाल्याने नाइलाजाने उधारी करावी लागते, तो प्रश्न वेगळा. पण ज्यांचे खाते नियमित आहे त्यांनी पीक कर्ज सोडून उधारी करणे परवडणारे नाही.

हातउसन्या रकमेवर 'दरमहा २ टक्के' व्याज आणि थकलेले व्याज मुद्दलात धरले जात असेल तर वर्षाचे २४ टक्के होत नाहीत. १०२ चा गुणाकार बारा वेळा करावा लागतो, आणि ते २६.८ टक्के भरतात.

घसरलेला भाव भरून यायला किती वाढ लागते?

टोमॅटोचा क्रेट ५०० रुपयांवरून ४० टक्क्यांनी घसरला व ३०० रुपयांवर आला. पुढच्या आठवड्यात भाव ४० टक्क्यांनी वाढल्याची बातमी आली. भाव पूर्वपदावर आला असे वाटेल. पण ३०० चे ४० टक्के १२० होतात, म्हणून भाव ४२० रुपये झाला. मूळ भावापेक्षा तो अजून १६ टक्क्यांनी कमीच आहे. तेवढ्याच टक्क्यांची घट व वाढ, कोणत्याही क्रमाने, झाली की शेवटी तोटाच राहतो. उत्पादन २० टक्क्यांनी वाढले आणि भाव २० टक्क्यांनी पडला तरी एकूण रक्कम ४ टक्क्यांनी घटते. त्यात वाढीव मालाची तोडणी व वाहतूक आलीच.

घट भरून काढण्यासाठी लागणारी वाढ पुढीलप्रमाणे असते.

घट १० टक्के – आवश्यक वाढ ११.१ टक्के
घट २० टक्के – आवश्यक वाढ २५ टक्के
घट २५ टक्के – आवश्यक वाढ ३३.३ टक्के
घट ३० टक्के – आवश्यक वाढ ४२.९ टक्के
घट ४० टक्के – आवश्यक वाढ ६६.७ टक्के
घट ५० टक्के – आवश्यक वाढ १०० टक्के

वाढीवर वाढ होते तेव्हा मात्र बेरजेपेक्षा अधिक भर पडते. सोयाबीनची किमान आधारभूत किंमत २०२१-२२ मध्ये क्विंटलला ३,९५० रुपये होती. पुढे ती ४,३००, ४,६००, ४,८९२ आणि २०२५-२६ मध्ये ५,३२८ रुपये झाली. या चार वाढी अनुक्रमे ८.९, ७.०, ६.३ व ८.९ टक्क्यांच्या आहेत. बेरीज सुमारे ३१ टक्के येते, पण ३,९५० वरून ५,३२८ ही वाढ ३४.९ टक्क्यांची आहे. खर्चाचेही असेच असते. मजुरी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली तर चार वर्षांत ती ४० नव्हे, ४६.४ टक्क्यांनी वाढते. आधारभूत किमतीची तुलना करायची ती या आकड्याशी.

ओलाव्याची घट

सोयाबीनमध्ये १२ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळविले तर वजन ६ किलोने घटेल असे वाटते. तसे होत नाही. १०० किलोत ८२ किलो कोरडा भाग आहे, तो तसाच राहतो. वाळल्यावर हे ८२ किलो एकूण वजनाच्या ८८ टक्के असतात. ८२ ला ८८ ने भागून १०० ने गुणले की ९३.१८ किलो वजन येते, म्हणजे घट ६.८२ किलोची. व्यापारी अशा मालाला क्विंटलमागे सात किलो कट लावत असेल तर ते वाजवी आहे. दहा किलो लावत असेल तर तीन किलो जादा जातात. आर्द्रतामापकावरील आकडा स्वतः पाहावा, मगच कटाची बोलणी करावी.

कांदा ठेवावा की विकावा?

रब्बी कांद्याच्या बाबतीत या सर्व टक्केवाऱ्या एकत्र येतात. साठवणीत घट तीन वाटांनी होते. उन्हाळ्यात कांद्यातील पाणी उडून वजन घटते. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे सड वाढते. सप्टेंबरपासून तापमान उतरू लागले की कोंब येऊ लागतात.

समजा, मे महिन्यात १०० क्विंटल कांदा चाळीत भरला आणि त्या वेळी भाव १,२०० रुपये होता. म्हणजे विकला असता तर १,२०,००० रुपये मिळाले असते. जूनअखेर १० टक्के घट झाली, ९० क्विंटल राहिला. जुलै-ऑगस्टमध्ये उरलेल्याच्या १२ टक्के सडला, ७९.२ क्विंटल राहिला. सप्टेंबरात आणखी ८ टक्के गेला व ७२.८६ क्विंटल उरला. टक्क्यांची बेरीज ३० होते, प्रत्यक्ष घट २७.१ टक्के आहे. येथे बेरजेने तोटा फुगवून दिसतो. पण पुढची पायरी उलट दिशेची आहे. "तीस टक्के घट, तर भाव तीस टक्क्यांनी वाढला की बरोबरी" असे आपण म्हणतो. तीस टक्के वाढून १,५६० रुपये भाव मिळाला तर ७२.८६ क्विंटलचे १,१३,६६२ रुपयेच होतात. निव्वळ बरोबरीसाठी १,२०,००० ला ७२.८६ ने भागावे लागेल, म्हणजे १,६४७ रुपये भाव हवा. ही वाढ ३७ टक्क्यांची आहे.

यात खर्च धरलेला नाही. चाळीची झीज, भरणी व निवडाई यांचे १०,००० रुपये आणि अडकून पडलेल्या १,२०,००० रुपयांचे दरमहा १ टक्क्याप्रमाणे पाच महिन्यांचे व्याज ६,००० रुपये धरले तर १,३६,००० रुपये हाती यायला हवेत. त्यासाठी भाव १,८६७ रुपये, म्हणजे साडेपंचावन्न टक्के अधिक लागतो. मे महिन्यापेक्षा दीडपट, १,८०० रुपये भाव मिळाला तरी १,३१,१४८ रुपये येतात आणि खर्च वजा जाता १,१५,१४८ रुपये उरतात. दीडपट भाव घेऊनही ४,८५२ रुपयांचा तोटा झाला. गावात मात्र "कांदा ठेवला म्हणून अठराशेने गेला" असेच बोलले जाते.

आता घट कमी ठेवल्याने काय साधते ते पाहा. पातीसह शेतात तीन दिवस वाळविलेला, दोन ते अडीच सें.मी. मान ठेवून कापलेला, नंतर दहा-बारा दिवस सावलीत सुकवून, जोड, डेंगळे व चिरलेले कांदे काढून हवेशीर चाळीत भरलेला कांदा अधिक टिकतो. अशा कांद्यात वरील तीन टप्प्यांत ६, ७ आणि ४ टक्केच घट झाली असे धरू. ९४ × ९३ × ९६ या हिशेबाने ८३.९२ क्विंटल उरेल. त्याच १,३६,००० रुपयांसाठी मग १,६२१ रुपये भाव पुरतो. क्विंटलमागे जवळजवळ अडीचशे रुपये कमी भावातही बरोबरी साधते. वरील टक्केवाऱ्या उदाहरणादाखल आहेत. आपल्या चाळीच्या गेल्या दोन-तीन हंगामांच्या नोंदी असतील तर त्याच वापराव्यात, आणि नसतील तर या वर्षापासून भरलेले व विकलेले वजन वहीत लिहून ठेवावे.

साठवण सुरू झाल्यानंतर मेच्या भावाशी तुलना करीत बसण्याचे कारण नाही. जो सडला तो गेला. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस फक्त पुढच्या महिन्याचा हिशेब करावा. ऑगस्टअखेर पहिल्या चाळीत ७९.२ क्विंटल कांदा आहे आणि भाव १,५०० रुपये आहे. आज विकला तर १,१८,८०० रुपये येतील. सप्टेंबरात ८ टक्के घट अपेक्षित असेल तर १,५०० ला ०.९२ ने भागून १,६३० रुपये येतात. महिन्याचे व्याज १,१८८ रुपये व निवडाईचे २,००० रुपये मिळून उरलेल्या ७२.८६ क्विंटलवर क्विंटलमागे ४४ रुपये पडतात. म्हणजे सप्टेंबरअखेर १,६७४ रुपयांच्या वर भाव मिळण्याची शक्यता दिसत असेल तरच थांबावे. तशी दिसत नसेल, किंवा पाऊस लांबून सड वाढू लागली असेल, तर निवडाई करून माल बाजारात न्यावा.